हजेरीपटातली थंडी

सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यासाठी आपल्या १९७५ च्या तुकडीचा व्हॉट्सॲप गट सुरू झाला, तेव्हा पहिले आठ-दहा दिवस सुप्रभात, जुने फोटो आणि "ओळखा पाहू" यांतच गेले. मग एका रात्री पुण्याच्या एका मित्राने लिहिले, "काय ती आपल्या वेळची थंडी! आता तशी राहिली का?" आणि गटाला जणू ऊब आली. कुणाला शेकोटी आठवली, कुणाला तोंडातून निघणारी वाफ, कुणाला हरभऱ्याच्या शेतातला दहिवर. उसाच्या पाचटाचा जाळ, त्यात भाजलेला हुरडा, भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, शनिवारची सकाळची शाळा आणि मैदानावरची कवायत, सगळे एका तासात येऊन गेले. "बाटलीतलं खोबरेल उन्हात ठेवावं लागायचं," असा पुरावाही एकाने दिला.

तेवढ्यात आपल्यातल्या एकाचा निरोप आला. तो सहसा काही लिहीत नाही. त्याने एवढेच लिहिले : "मला ती थंडी परत नको. एक रात्रसुद्धा नको."

त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोलले नाही. मग कुणीतरी नातवाचा वाढदिवस असल्याचे कळवले आणि विषय बदलला.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. दोन माणसे एकाच गोष्टीबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागली की त्यातला एक खोटे बोलतो असे न धरता पुरावा पाहावा, असे मुलांना सांगत आलो. स्मरणिकेसाठी मंडळींनी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा ठरवले की आपल्या लहानपणच्या थंडीचाच इतिहास तपासून पाहू. ती खरोखर जास्त होती का? आणि होती, तर कुणासाठी?

सुरुवात खोबरेलापासून केली आणि पहिलाच साक्षीदार फुटला. खोबरेल तेल साधारण चोवीस अंशांच्या खाली थिजू लागते. म्हणजे ते पुण्या-मुंबईच्या हिवाळ्यातही थिजते, आजही थिजते. आज आपल्याला ते दिसत नाही, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यावर तेल लावण्याजोगे काही उरलेले नाही. तेव्हा हा पुरावा बाद.

खरा पुरावा तापमापीचा. आपल्या देशाचा हवामान विभाग १८७५ साली स्थापन झाला. १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि नंतर पावसाने दिलेली ओढ व दुष्काळ यांमुळे हवामानाच्या नोंदी एका छत्राखाली आणण्याची गरज सरकारला पटली होती. या विभागाचे मुख्यालय आधी कलकत्त्याला, १९०५ पासून सिमल्याला आणि १९२८ पासून पुण्याला होते. १९४४ मध्ये ते दिल्लीला गेले. पुण्यात शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात, ते यामुळे. आपण शाळेतून बाहेर पडल्याला २०२५ मध्ये पन्नास वर्षे झाली, त्याच वर्षी या विभागाला दीडशे वर्षे झाली. म्हणजे आपल्या आजोबांच्या बालपणापासूनच्या थंडीची नोंद कुठे ना कुठे आहे.

ती नोंद काय सांगते? पुण्याचे आजवरचे सर्वांत कमी तापमान १.७ अंश, १७ जानेवारी १९३५ चे. नाशिकचे ०.६ अंश, जानेवारी १९४५ चे. मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश नोंदले गेले. तेव्हा आपण तीन-चार वर्षांचे होतो. पुणे आणि नाशिक या दोन्ही ठिकाणच्या उच्चांकी थंडीचे दिवस आपल्या जन्माच्या आधीचे आहेत. आपण शेकोटीपाशी थंडीची तक्रार केली की वडील म्हणायचे, "ही कसली थंडी? थंडी आमच्या वेळी होती." आपण हसायचो. त्यांचे म्हणणे कागदावर तरी खरे निघाले.

आता दुसरी बाजू. डिसेंबर २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात आपल्याच निफाड तालुक्यात, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा दोन अंशांच्या खाली गेला होता. द्राक्षाच्या पानांवर आणि गवतावर दवाचे बर्फ झाल्याचे फोटो वर्तमानपत्रांत आले होते. त्याच आठवड्यात, २९ डिसेंबरला, नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले. म्हणजे "आता थंडी पडतच नाही" हेही खरे नाही. काश्मीर-हिमाचलात बर्फ पडला, आपल्याकडे आकाश निरभ्र राहिले आणि उत्तरेचा कोरडा वारा मोकळा सुटला, की थंडीची लाट आजही येते.

मग बदलले काय? लाटा येतात, पण त्यांच्या मधले दिवस उबदार होत चालले आहेत. भारतात १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत उष्ण वर्ष ठरले ते २०२४. फेब्रुवारी २०२५ हा १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. 'होळी जळाली, थंडी पळाली' असे आपल्याकडे म्हणतात. आता बऱ्याच वर्षी होळीची वाट न पाहताच ती पळालेली असते आणि फेब्रुवारीतच पंखे सुरू होतात. गव्हाच्या ओंबीत दाणा भरायचा काळ नेमका हाच. त्या वेळी ऊन तापले की दाणा बारीक राहतो. आपल्या वडिलांच्या पिढीला हे तापमापीशिवाय कळत होते.

या आकड्यांत मला एक गोष्ट फार लागली. बातम्यांमध्ये आपण ऐकतो, "किमान तापमान सरासरीपेक्षा दोन अंशांनी कमी." ही सरासरी कुठली? तीस वर्षांच्या नोंदींवरून ती काढतात आणि काही वर्षांनी पुढे सरकवतात. सध्याची सरासरी १९९१ ते २०२० या वर्षांची आहे. आपले बालपण १९६० ते १९७५ चे. म्हणजे आपण ज्या हिवाळ्यांत वाढलो, ते हिवाळे हवामान खात्याच्या 'नेहमीच्या' हिशेबातून केव्हाच बाहेर पडले. आज ज्याला नेहमीची थंडी म्हणतात, ती आपल्या मुलांच्या बालपणातली आहे. तेव्हा आपल्याला काहीतरी हरवल्यासारखे वाटते, ते अगदीच मनाचे खेळ नाहीत.

त्यातही आपल्यातले निम्मे लोक पुणे, मुंबई, नाशिकला स्थायिक झाले. सिमेंट, डांबर आणि विटा दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते सोडत राहतात. त्यामुळे शहरातली रात्र भोवतालच्या शेतांपेक्षा उबदार असते. पुण्यातल्या फ्लॅटच्या बंद काचेमागे बसून गावची थंडी गेली म्हणणे म्हणजे एस.टी.त बसून झाडे पळतात म्हणण्यासारखे आहे. आपणही हललो आहोत.

इथवर तपास सरळ होता. लेख इथेच संपवता आला असता. पण "एक रात्रसुद्धा नको" हे वाक्य या आकड्यांत कुठे बसत नव्हते.

त्याचा पहिला धागा मिळाला तो तापमापीच्याच गोष्टीत. आपल्या भूगोलाच्या सरांनी सातवीत असताना आपल्याला कुंदेवाडीला चालत नेले होते, आठवते का? गवतावर चार पायांवर उभी असलेली पांढरी, झडपांची पेटी त्यांनी दाखवली होती. तापमापी त्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, सावलीत ठेवलेली असते. सगळीकडे सारख्या पद्धतीने मोजता यावे म्हणून तसे करतात. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते आणि जमिनीलगतची हवा त्या पेटीतल्या हवेपेक्षा काही अंशांनी अधिक गार होते. म्हणून तर पारा तीन-चार अंश दाखवत असतानाही गवतावरचे दव गोठलेले दिसते. शिवाय गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि खोलगट जागेत, नदीकाठी साचून राहते.

आता आपले गाव डोळ्यांसमोर आणा. पेठ, देऊळ, शाळा आणि पक्के वाडे उंचावर. खाली कादवेच्या काठाला मळे, आणि मळ्यांच्याही खाली, नदीला लागून, शेतमजुरांची वस्ती. पाचटाच्या आणि कुडाच्या झोपड्या, जमिनीवर अंथरूण. गावातली सगळ्यात गार हवा रोज रात्री तिथे जाऊन झोपत होती. आपला तो मित्र त्या वस्तीतला.

दुसरा धागा शाळेत मिळाला. स्मरणिकेच्या कामासाठी मुख्याध्यापकांनी जुने कपाट उघडून दिले. त्यात आपल्या नववीचा, १९७३-७४ चा हजेरीपट निघाला. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण अक्षरे शाबूत. शनिवारच्या रकान्यांत काही नावांपुढे लाल शाईने 'उ' लिहिलेला आहे. 'उ' म्हणजे उशिरा. डिसेंबर आणि जानेवारी मिळून त्या वर्षी नऊ शनिवार होते. आपल्या मित्राच्या नावापुढे त्यांतल्या सात शनिवारी 'उ' आहे. आणखी चार नावांपुढेही असेच लाल शेरे आहेत. ती चारही नदीकाठच्या वस्तीतली. पेठेतल्या एकाही मुलाच्या नावापुढे दोनपेक्षा जास्त 'उ' नाहीत.

मित्रांनो, ही नावे मी दिलेली होती. मी वर्गप्रमुख होतो. शनिवारी साडेसातची घंटा झाली की फाटकापाशी उभा राहून उशिरा येणाऱ्यांची यादी मी करायचो आणि वर्गशिक्षकांकडे द्यायचो. यादीतल्या मुलांना हातावर छडी मिळायची. थंडीने सुन्न झालेल्या बोटांवर छडी कशी लागते, हे मला ठाऊक नाही, कारण मी कधी उशिरा आलो नाही. माझे घर शाळेच्या मागच्या गल्लीत होते. मातीच्या जाड भिंतींचा वाडा, रात्री विझवून राखेखाली ठेवलेली चूल, आजीने शिवलेल्या दोन गोधड्या आणि वर एक घोंगडी. आई उठवायची तेव्हा बंबात पाणी तापलेले असायचे. माझा हिवाळा हा असा होता. तो मला परत हवासा वाटतो, यात नवल काय?

मी त्याला फोन केला आणि हजेरीपटाचे सांगितले. तो हसला. म्हणाला, "सात का? मला वाटलं नऊच्या नऊ असतील." मग त्याने जे सांगितले, ते त्याच्या परवानगीने इथे लिहितो.

१९७२ च्या दुष्काळात त्यांचे घर सिन्नरच्या बाजूने कामासाठी आपल्या गावी आले होते. उचलून आणता आले तेवढेच सामान सोबत होते. त्यात घोंगडी एक आणि माणसे सहा. दुष्काळ सरला, पण दुसरी घोंगडी घ्यायला पुढची तीन वर्षे लागली. पौष महिन्यात ती घोंगडी धाकट्या दोघांवर असायची. बाकीचे रात्रभर जाळाभोवती बसून राहायचे. पाचट भुरकन पेटते आणि भुरकन विझते, म्हणून कुणीतरी जागे राहून ते टाकत राहायला हवे. ती पाळी बहुधा याची. "पुढून भाजायचं आणि पाठ गारठायची. मग पाठ फिरवून बसायचं. शेकोटीची मजा ज्याला उठून घरात जाता येतं त्याला," असे तो म्हणाला. उजाडता उजाडता ऊन झोपडीच्या तोंडाशी आले की सगळ्यांना झोप लागायची. शाळा नेमकी तेव्हा भरायची. इतर दिवशी अकराची शाळा असल्यामुळे निभावून जायचे. शनिवारी सापडायचा.

"आणि ते दोन शनिवार? ज्या दिवशी तू वेळेवर आलास?" मी विचारले.

एक डिसेंबरला फारशी थंडी पडली नव्हती, असे त्याला वाटते. दुसरा दिवस मात्र त्याला पक्का आठवत होता. तो शनिवार म्हणजे २६ जानेवारी १९७४. झेंडावंदनाला उशीर होऊ नये म्हणून तो उजाडल्यावरही झोपला नव्हता. कवायतीत तो पहिल्या रांगेत उभा होता. बाईंनी त्याचे कौतुक केले होते.

मी त्याला म्हणालो की मला हे माहीत नव्हते. तो म्हणाला, "तू विचारलं नव्हतंस. मीही सांगितलं नसतं." त्याच्या आवाजात राग नव्हता. मला वाटते, असता तर मला थोडे बरे वाटले असते.

मग मी आपल्या वर्गातल्या दोघी मैत्रिणींनाही विचारले. एकीने सांगितले की तिची थंडी बोटांत होती. पहाटे विहिरीवरून पाणी आणणे सोपे, कारण हिवाळ्यात विहिरीचे पाणी कोमट लागते. पण रात्रभर अंगणात राहिलेल्या हंड्यातल्या पाण्याने, राखेने भांडी घासायची आणि मग शाळेत येऊन शुद्धलेखन लिहायचे. "अक्षर खराब म्हणून माझे गुण जायचे. अक्षर खराब नव्हतं, बोटं वळत नव्हती." दुसरी म्हणाली की तिला थंडी आठवतच नाही, धाकट्या भावाला पोटाशी धरून झोपायची त्याची ऊबच आठवते. म्हणजे एकाच गावातल्या, एकाच वर्गातल्या चौघांचे चार हिवाळे. पारा सगळ्यांसाठी सारखाच उतरला होता.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. होय, हिवाळे बदलले. सरासरी ऊब वाढली, थंडीचे दिवस आखडले, हे नोंदी सांगतात. पण आपल्याला आठवते ती निव्वळ थंडी नाही. थंडी आणि आपल्या अंगामध्ये जे काही होते, ते आपल्याला आठवते. ज्याच्या अंगावर दोन गोधड्या होत्या, त्याला ती गुलाबी वाटते. ज्याच्या अंगावर मांजरपाटाचा सदरा होता, त्याला ती नको वाटते. दोघेही खरे बोलतात. आपण मात्र पन्नास वर्षे पहिल्याचीच आठवण 'आपली आठवण' म्हणून सांगत आलो.

हे सगळे जुने झाले, असेही नाही. आपल्या तालुक्यात आता गव्हाच्या जागी द्राक्षे आली. गव्हाला थंडी मानवायची. द्राक्षबागायतदाराला तिचा धसका वाटतो. पारा उतरला की मणी तडकतात. माझा पुतण्या अशा रात्री बागेत जागोजाग धूर करतो आणि पहाटे ठिबक सोडून ठेवतो. मी गेल्या हिवाळ्यात एका पहाटे त्याच्यासोबत बागेत गेलो होतो. बागेच्या कडेला पेठ-सुरगाण्याहून कामाला आलेल्या मजुरांची पाले होती. पलीकडे ऊसतोडीच्या कोप्या. एका कोपीपुढे नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा पाचटाचा जाळ चालू ठेवत बसला होता. आत कुणी धाकटे झोपलेले असावे. मी त्याला विचारले, "शाळेत जातोस का?" तो म्हणाला, "कधी कधी."

२०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. मुलांची झोप पुरी होत नाही, हे त्यामागचे कारण होते. तो आदेश वाचून आपल्यातले काही जण गटावर म्हणाले होते, "आजकालची मुलं नाजूक. आम्ही नाही का साडेसातला जायचो?" मीही तेव्हा अंगठा वर केला होता. आता तो अंगठा मागे घेतो. आपण साडेसातला जायचो, हे खरे. आपल्यातले पाच जण जाऊ शकत नव्हते, हेही त्या हजेरीपटात लिहिलेले आहे.

मेळावा जानेवारीतल्या शनिवारी ठरला आहे. वेळ ठरवताना कुणीतरी गमतीने साडेसातची सुचवली होती. कृपया दहाची ठेवा. आणि मेळाव्यासाठी जमलेल्या वर्गणीतून जे उरेल, त्याचे स्मृतिचिन्ह घेण्याऐवजी शाळेत आज शिकणाऱ्या वस्तीवरच्या मुलांसाठी आणि तालुक्यातल्या कोप्यांवरच्या मुलांसाठी चांगल्या जाड घोंगड्या घ्याव्यात, असे मी समितीला लेखी कळवले आहे. आपला मित्र त्याला तयार आहे. त्याची एकच अट आहे : घरात माणसे किती ते आधी विचारायचे, आणि मगच घोंगड्या मोजायच्या.

हजेरीपटावरचे लाल शेरे आता खोडता येणार नाहीत, खोडूही नयेत. तो शाळेचा दस्तऐवज आहे. पण त्या पानावर 'शेरा' असा एक रकाना आहे आणि तो पन्नास वर्षे रिकामा आहे. मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली, तर मेळाव्याच्या दिवशी मी त्यात पेन्सिलीने लिहिणार आहे : "रात्री जाळ राखत होता."